नॉर्वेचं बेट आणि नाल्यापलीकडची वस्ती

वरवट बकालच्या बसची वाट पाहताना आमच्या ग्रामपंचायतीचे एक सदस्य मला रोज नॉर्वे सांगतात. मोबाइलवर त्यांना तिथलं एक बेट सापडलंय. मासेमारांची घरं, खडकांवर मेंढ्या आणि बेटाची स्वतःची नगरपालिका. ती सरकारनं किनाऱ्यावरच्या मोठ्या नगरपालिकेत विलीन केली. इथपर्यंत आले की तंबाखू मळणारा त्यांचा अंगठा थांबतो.

"गट ग्रामपंचायत करून टाकली हो त्याइची! दाखल्यासाठी म्हाताऱ्यानं काऊन नावेत बसा लागते, सांगा बरं भाऊ?"

समुद्र आम्ही दोघांनीही पाहिलेला नाही, पण हळहळतो.

परवा ग्रामसभेत मी उठलो. आमची वस्ती नाल्यापलीकडे; पूर आला की गावाशी संबंध तुटतो. म्हटलं, आम्हाला वेगळी ग्रामपंचायत मिळावी, असा ठराव घ्या. विरोधाला सगळ्यांत आधी हेच उभे राहिले.

"मूठभर घरं तुमचे, तुम्हाले कायले पाह्यजे वेगळी? नालाच तं हाय, समुद्र थोडीच हाय!"

दुसऱ्या दिवशी नाला ओलांडून, गुडघ्यापर्यंत भिजलेल्या पँटीनं मी थांब्यावर पोचलो. त्यांनी सरकून जागा दिली.

"त्या बेटावरच्या लोकाइचं लय वाईट वाटून राह्यलं, भाऊ."