धोंड्याच्या महिन्याची सबब

सोनईत भिमाजी भिंगारदिवे दोन गोष्टींसाठी ओळखला जाई. एक, तो बोर्डाचा वायरमन होता. भर पावसात खांबावर चढून, दातात पक्कड धरून तो तार जोडी. दुसरी गोष्ट म्हणजे तो बौद्धाचार्य होता. आसपासच्या गावांतल्या वस्त्यांवर लग्न निघालं की पहिला निरोप भिमाजीला जाई. पांढरा सदरा घालून तो वेळेवर हजर होई, त्रिशरण-पंचशील देई आणि वधूवरांना दोन शब्द सांगे. त्या दोन शब्दांत मुहूर्ताचा समाचार ठरलेला असे.

"घड्याळात बारा वाजले की बारा वाजले," तो म्हणे. "त्यात चांगलं-वाईट काय? आपल्या बापजाद्यांनी पंचांग सोडलं ते काय परत उचलून आणायला?"

लोक हसत, टाळ्या देत. गावातले शेतकरीही त्याची गंमत करत. मोटरीची लाईट गेली की कुणीतरी ओरडे, "ओ वायरमन, लाईट कवा येनार? का मुहूर्त काढायचा?"

"तुमी काढा मुहूर्त," भिमाजी खांबावरून म्हणे, "मी फ्यूज घालतो. बघू कुनाचं आधी हुतंय."

असा हा माणूस. बोलायला सडेतोड आणि दिलेल्या शब्दाला पक्का. त्याच्या तोंडून एकच खोटं निघालं, आणि ते निघालं मुलीच्या चेहऱ्यापायी.

जयमाला ही त्याची एकुलती एक मुलगी. दहावीत असताना तिच्या गालांवर फोड यायला लागले. वयात आलेल्या पोरींना येतात तसल्या पुळ्या नव्हत्या त्या. बोराएवढ्या गाठी कातडीच्या खाली धरत, ठणकत, आठ-आठ दिवस पिकत आणि फुटल्या की खड्डा ठेवून जात. सकाळी उशीच्या अभ्र्यावर डाग असत. ते आईला दिसू नयेत म्हणून जयमाला उठल्याबरोबर अभ्रा धुऊन टाकी. कॉलेजात ती मागच्या बाकावर, भिंतीच्या बाजूला बसे. दुसऱ्या वर्षाला तिने कॉलेजच सोडलं.

घरात उपायांना तोटा नव्हता. हळद झाली, कडुनिंबाचा पाला झाला, मुलतानी माती झाली. उष्णता म्हणून वांगी-मिरची बंद झाली. जयमालाची आई रंगुबाई आणि शेजारणी यांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं. "लगीन झालं की जात्यात आपोआप."

"आन हे गेल्याबिगर लगीन कसं व्हायचं?" एकदा जयमालाने विचारलं.

नव्व्याण्णव सालची संक्रांत झाली आणि भिमाजी तिला नगरला चामडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी खिडकीजवळ नेऊन तिचा चेहरा पाहिला, पाठ पाहिली, आधी घेतलेल्या औषधांची चौकशी केली. मग म्हणाले की साध्या गोळ्यांनी आणि मलमांनी हे आवरणार नाही. नवीन औषध आहे, आयसोट्रेटिनॉइन नावाचं, कॅप्सूल येते. सहा महिने घ्यावी लागेल, जेवणाबरोबर. रक्त वरचेवर तपासावं लागेल. ओठ फुटतील, नाक कोरडं पडेल, सुरुवातीला चेहरा जास्त बिघडल्यासारखा दिसेल. पण गुण येईल.

मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "लग्न ठरलंय का हिचं?"

"या चेहऱ्याला कोन..." भिमाजी बोलून गेला आणि थांबला. जयमाला पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली.

"मी वेगळ्या कारणासाठी विचारतोय," डॉक्टर म्हणाले. "हे औषध अंगात असताना दिवस राहिले तर पोटातल्या बाळाचं वाटोळं होतं. हृदय, मेंदू, कान, कशातही दोष येतो. म्हणून औषध चालू आहे तोवर आणि बंद केल्यावर पुढे एक महिना, दिवस राहता कामा नयेत. तुमच्याकडे लग्न ठरलं की पंधरा दिवसांत उरकतात, मला माहीत आहे. मी शब्द मागतोय."

मुलीसमोर असलं बोलणं ऐकताना भिमाजीचे कान तापले. पण तो ताठ बसून म्हणाला, "दिला शब्द."

पहिला महिना वाईट गेला. चेहरा आणखी पेटला. ओठांची सालं निघत, हसलं तरी रक्त येई. जयमाला ओठांना तूप लावून बसायची. रंगुबाई रोज म्हणायची, "इक्तं पैशाचं इख खायाला घातलंय पोरीला." पण होळीच्या सुमारास नवीन गाठी येईनाशा झाल्या. जुन्या बसल्या. गालावर खड्डे आणि तांबूस डाग राहिले, पण त्यांच्यामधून मूळची सावळी, मऊ कातडी दिसू लागली. एके दिवशी जयमाला आरशापुढे उभी राहून वेणी घालत असलेली भिमाजीने पाहिली. गेली कित्येक वर्षं ती आरशाकडे पाठ करून वेणी घालत होती.

हा गुण शेजारपाजारच्यांनाही दिसला. शेजारची बाई वाटी घेऊन आली. "रंगुबाई, त्यातल्या दोन गोळ्या दे की. आमच्या निकिताला बी लई फोड्या आल्यात."

चहासाखरेसारखी औषधंही शेजारी मागून नेत. कुणाचा खोकल्याचा पाक, कुणाच्या तापाच्या गोळ्या, असं चालायचंच. रंगुबाई उठली होतीसुद्धा. भिमाजी दारातून ओरडला, "एक गोळी घराभायेर जाता कामा न्हाई!" बाई वाटी घेऊन परत गेली आणि पुढे चार दिवस बोलली नाही. त्या दिवसापासून पाकिटं पत्र्याच्या पेटीत कुलपात गेली.

एप्रिलात, जयंती होऊन दोन-चार दिवस झाले असतील, भिमाजीची बहीण साळूबाई कोपरगावहून स्थळ घेऊन आली. काकासाहेब पगारे, साखर कारखान्यात नोकरीला. त्यांचा मुलगा पंकज, आयटीआय झालेला, त्याच कारखान्यात फिटर. पाहुणे दारात यायच्या आधी साळूबाईने भावाला कोपऱ्यात घेतलं.

"औषधाचं अक्षर काढू नको, दादा. औषध चालू हाय म्हनलं की पोरगी दुखनाईत झाली. परत कोन उंबरा चढनार न्हाई."

काकासाहेब उंच, कमी बोलणारा माणूस. बायको झुंबरबाई, डोक्यावर पदर, नजर बारीक. जयमालाने चहा आणला. डाग लपवायला रंगुबाईने तिला पावडर थापली होती. पंकजने तिला एकच प्रश्न विचारला, कॉलेज का सोडलं. "जीव लागला न्हाई," ती म्हणाली. तो मान खाली घालून थोडंसं हसला. पसंती झाली हे सगळ्यांनाच कळलं.

"आता उशीर नको," काकासाहेब म्हणाले. "गाळप बंद झालंय, पोराला सवड हाय. मे महिन्याच्या अखेरीला मंडप घालू. मी कोपरगावात तुमचं भाषण ऐकलंय, भिंगारदिवे. माझ्या पुतण्याच्या लग्नात. मुहूर्ताचं तुमी जे बोलला, तवाच मनात आलं की सोयरीक करावी तर या मानसाशी."

खोलीत सगळे भिमाजीकडे बघत होते. मे अखेर म्हणजे औषध अजून चालूच. डॉक्टरांचा चष्मा त्याच्या डोळ्यांपुढे आला. साळूबाईने घसा खाकरला. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि त्या वर्षी गावात जो तो जे म्हणत होता तेच त्याच्या तोंडातून बाहेर पडलं.

"मे मदी कसं जमंल? धोंड्याचा महिना लागतोय."

झुंबरबाईचा कप बशीवर तसाच राहिला. काकासाहेब आधी हसले. थट्टाच वाटली त्यांना. मग भिमाजीचा चेहरा पाहून त्यांचं हसू मावळलं.

"धोंडा? तुमच्याकडं?"

भिमाजीने रिकामा कप उचलून परत बशीत ठेवला.

"आमची पोरगी तयार न्हाई म्हना, पोरगा आवडला न्हाई म्हना," काकासाहेब उठत म्हणाले. "पन आमाला येड्यात काढू नका, सायेब. इचार करून कळवा." बोलता बोलता ते जयमालाला 'आमची पोरगी' म्हणून गेले होते, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही, भिमाजीशिवाय.

पाहुणे गेल्यावर घरात रणकंदन झालं. रंगुबाई म्हणाली, "व्हय म्हनायचं हुतं! लगीन लावून देऊ. गोळ्या ती तिकडं जाऊन गुपचूप खाईल. कुनाला कळतंय?"

"आन दिवस गेले म्हंजे?"

"लगेच कुनाला जात्यात व्हय?"

"रंगू, तारंत वीज दिसत न्हाई. म्हनून तार मेलेली नसती. हात लावल्यावर कळतं, आन तवा उशीर झालेला असतो."

जयमाला इतका वेळ भिंतीला टेकून होती. पदराने तिने गालावरची पावडर पुसून काढली होती. "मी गोळ्या आजच बंद करते, आप्पा. लग्नापर्यंत महिना हुईल. मग तर झालं?"

"आन परत फोड आले म्हंजे? अर्धवट सोडलं तर येत्यात म्हनले डॉक्टर."

"येऊ द्या. तुमी माझ्यापायी धोंडा पाळला. ते मला सोसवत न्हाई."

भिमाजीला हे बोलणं खांबावरून पडण्यापेक्षा जास्त लागलं. गोळ्या बंद करू नको, एवढंच तो म्हणाला.

बुद्ध पौर्णिमेला घोडेगावच्या वस्तीवर लग्न होतं. भिमाजी गेला. मंडप भरलेला, वधूवर पांढऱ्या कपड्यांत. पंचशीलाचा एकेक भाग तो म्हणे आणि माणसं त्याच्यामागून म्हणत. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं आलं, मुसावादा. मी खोटं बोलणार नाही, असं आपणहून घेतलेलं वचन. भिमाजीने तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. माणसं हात जोडून थांबलेली. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याने घोट घेतला आणि कसंबसं ते शील म्हटलं. त्या दिवशी वधूवरांना सांगायचे दोन शब्द त्याने सांगितले नाहीत. "ऊन लागलं वाटतं आचार्यांना," बाया म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो कोपरगावला निघाला. चपला घालताना पाहतो तो जयमाला पिशवी घेऊन उभी.

"मी येते."

रंगुबाई किंचाळली. "अगं, लगीन न्हाई, काय न्हाई, पोरीनं त्यांच्या दारात जायाचं? लोक तोंडात श्यान घालतील!"

"चेहरा माझा हाय, आई. सांगायचं बी मीच."

राहुरीला एसटी बदलून ती दोघं कोपरगावला पोहोचली तेव्हा ऊन चढलं होतं. काकासाहेब कारखान्याच्या चाळीत ओट्यावर दाढी करत बसले होते. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून ते उठले. आत बसल्यावर भिमाजी म्हणाला, "मी त्या दिवशी खोटं बोललो," आणि पुढचं त्याला बोलवेना. पुढचं जयमालाने सांगितलं. फोड कधीपासून, औषध कोणतं, ते चालू असताना मूल का होऊ द्यायचं नाही, किती महिने राहिले. शेवटची दोन वाक्यं तिने मान खाली घालून सांगितली, पण सांगितली. आज तिच्या चेहऱ्यावर पावडर नव्हती.

झुंबरबाई पुढे सरकली. "पन पुढं... पोरं व्हतील ना, बाई?"

"औषध बंद केल्यावर महिन्यानं अंगात राहत न्हाई म्हनले डॉक्टर. तुमी नगरला चला, त्यांच्याच तोंडून ऐका."

"मी जाईन ऐकायला," पंकज म्हणाला. एवढंच.

काकासाहेबांनी टॉवेलने वाळलेला साबण पुसला. मग ते म्हणाले, "हे त्याच दिवशी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? आमी काय उंबऱ्यावरूनच फिरलो असतो व्हय?"

"फिरला असता असं वाटलं," भिमाजी म्हणाला.

"म्हंजे पंचांगावर इस्वास ठेवला, मानसावर न्हाई." ते शांतपणेच बोलले, पण भिमाजीने मान वर केली नाही. "औषध जुलैला संपनार. ऑगस्ट जाऊ द्या. दिवाळीपर्यंत गाळप सुरू होत न्हाई. भादव्यात, पितृपंधरवड्यात मंडप घालू. त्या दिवसांत कुनाचंच लगीन नसतं. आपल्याला कोन अडवतंय?"

काकासाहेब आणि पंकज नगरला गेले, डॉक्टरांशी बोलले, आणि ठरलं ते ठरलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सोनईत मंडप उभा राहिला. गावात पितरांची पानं वाढली जात होती आणि बँडवाला कधी नव्हे ते मोकळा होता. लग्न कोण लावणार हा प्रश्न मात्र निघाला. माणसांना वाटत होतं, भिमाजी स्वतःच लावेल. आतापर्यंत कितीतरी पोरी त्याने उजवल्या, आपल्या पोरीला कसा मागे राहील? त्याने घोडेगावच्या एका तरुण उपासकाला बोलावलं.

"का हो, आचार्य?" कुणीतरी विचारलं.

"आज मी फक्त बाप हाय," तो म्हणाला. खरं कारण काकासाहेबांना ठाऊक होतं, आणि त्यांनी आग्रह केला नाही.

जयमाला पांढऱ्या साडीत उभी राहिली. गालावरचे खड्डे दुपारच्या उजेडात स्पष्ट दिसत होते. बायकांनी पावडरचा डबा आणला तेव्हा तिने तो हाताने बाजूला केला होता. तरुण उपासक एकेक शील म्हणू लागला. मंडपातल्या गर्दीत, सगळ्यांच्या मागे, भिमाजी हात जोडून उभा होता. चौथं आलं तेव्हा काकासाहेबांनी मान वळवून पाहिलं. भिमाजी डोळे मिटून म्हणत होता, इतरांच्या मागून, अर्धा शब्द उशिराने.