रंगमंचाला नमस्कार

पंचेचाळिशीत मी नेदरलँड्समधल्या झूटरमेर गावाहून विद्यापीठात शिकायला जाऊ लागले. विद्यार्थ्यांच्या संगीतिकेत मी गावकऱ्यांच्या घोळक्यातली, अगदी मागची जागा मागितली. परंतु सर्वांत बुटकी म्हणून माझ्या मुलीच्या वयाच्या दिग्दर्शिकेने मला पुढे उभे केले.

"माझं चुकलं तर?"

"मग सगळेच चुकतील. ते तुलाच बघून नाचणार आहेत!"

पहिला प्रयोग सुरू झाला. शाळेच्या स्नेहसंमेलनांत लागलेल्या सवयीने मी प्रवेश करताच वाकले आणि रंगमंचाला हात लावून तो कपाळाशी नेला. मागे पाहते तो काय, ते ताडमाड डच गावकरी झाडून सगळे वाकलेले! सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

दुसऱ्या प्रयोगाआधी सगळ्यांनी मला घेरले.

"उजवा हात की डावा?"

"उजवा!" मी चक्क ओरडले.