उरलेली जोडी

रिस्पाच्या गोठ्यात एके काळी सहा जनावरं होती. थोरला मुलगा गेला तेव्हा मातीच्या जेवणाला दोन कापली, मधला आणि त्याची बायको पाठोपाठ गेली तेव्हा आणखी दोन. भावकी चार-चार दिवस मांडवात जेवली आणि पांगली. मागे सात पोरकी नातवंडं राहिली. पाद्री प्रार्थनेत 'लांबलेलं दुखणं' म्हणे. एड्सचं नाव कुणी घेत नसे, पण तो कुणाच्या घरात शिरलाय हे सगळ्यांना ठाऊक असे.

आता धाकटा ओगोला अंथरुणाला खिळला होता आणि गोठ्यात नांगराची जोडी तेवढी उरली होती. ती मोडली की पेरणी बुडाली, आणि नातवंडांच्या तोंडचा घास गेला.

"आई, माझ्या मातीला बैल कापू नकोस," ओगोला म्हणाला.

"गप रे. आधी पेज पी."

"शपथ घे."

तिनं शपथ घेतली, आणि चुलीच्या आडोशाला जाऊन पोटभर रडली.

शुक्रवारी तो गेला. दुपारी तिचा दीर न्यांग्वेसो आला. रडायचं ते मनापासून रडला, मग त्याची नजर गोठ्याकडे वळली.

"वहिनी, तांबडा बैल कापायला काढू या."

"आणि नांगर कोण ओढणार? तुम्ही, भावजी?"

"पोराला काय कुत्र्यासारखं पुरायचं? कबर खणणाऱ्यांना वाढणार काय, गवत?"

"मक्याची उगाली आणि पाला. आम्ही जेवतो तेच."

"मग खणायला माणसं मिळतात का बघा!"

माणूस वाईट नव्हता. स्वतःच्या दोन मुलांना त्यानं असंच थाटात पोचवलं होतं, आणि त्याच्या गोठ्यात आता कोंबड्या झोपत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ घेऊन कुणी फिरकलं नाही. ऊन चढलं, माश्या घोंगावू लागल्या. रिस्पानं बराच वेळ वाटेकडे पाहिलं, भावकीला एक सणसणीत शिवी हासडली आणि थोरल्या नातीला हाक मारली.

"आविनो, जू आण."

ओगोलाच्या झोपडीपुढे, जिथं कबर व्हायची तिथंच तिनं नांगर धरला. उन्हानं टणक झालेली जमीन बैलांनी फोडली, दोघींनी फावड्यानं माती उपसली, पुन्हा नांगर, पुन्हा फावडं. कुंपणापलीकडे शेजारी बघत उभे होते. खड्डा गुडघाभर झाला तशी बैलांना आत उतरता येईना, तेव्हा रिस्पा स्वतः उतरली. तिचे हात सोलवटले होते.

न्यांग्वेसोला ते बघवेना. तो आत आला, तिच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत खणत राहिला. ओगोलाला खाली उतरवल्यावर तो कडेला उभा राहिला. धुळीमातीनं माखलेला, मान खाली.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "तुमचं रान नांगरून झालं की... जोडी दोन दिवस द्याल का?"

रिस्पानं ओगोलावर मूठभर माती टाकली, आणि मग मान हलवून हो म्हटलं.