ध्यानस्थ रानटी

दर रविवारी जालन्यात आम्ही पाच जण फाशांचा एक खेळ खेळतो. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि त्याच्यासारखं वागायचं; वार बसला की नाही, ते फासा ठरवतो. अंकुशनगरहून येणाऱ्या आमच्या मित्रानं रानटी योद्धा घेतला. या योद्ध्याची सगळी ताकद रागात असते. ह्यानं मात्र आधीच बजावलं, "आपला गडी बिलकुल भडकणार न्हाई. ध्यान करून राह्यला तो."

हे सांगतानाही त्यानं डोळे मिटले होते आणि मिटल्या डोळ्यांनीच भज्यांची प्लेट स्वतःकडे ओढली होती. ऑफिसात साहेबानं झापलं तरी तो असाच डोळे मिटतो, आणि त्याला एकाग्रता म्हणतो.

परवा खेळात एका राक्षसानं आमचे दोन साथीदार लोळवले. मी वैद्य, पट्ट्या बांधत होतो. "अरे, आता तरी कुऱ्हाड उचल!" मी ओरडलो.

"जल्दी काय हाय? मन एका जागी येऊ दे."

"मंग सरळ म्हण ना, घाबरलो!"

त्यानं डोळे उघडले, हळूच फासा टाकला. आकडा बराबर पडला आणि कुऱ्हाड माझ्या वैद्याच्या डोक्यात बसली.

"महं ध्यान मोडलं तू," तो शांतपणे म्हणाला.

राक्षस समोरच उभा होता. त्याच्याकडे पाठ करून आमचा योद्धा पुन्हा ध्यानाला बसला.