नववा होकार

हे करुणासिंधो, न बोललेलेही तुला ऐकू येते. आम्हा माणसांना निदान बोललेले तरी ऐकू यावे, एवढी बुद्धी दे. तुझ्या चरणी मस्तक ठेवून वर्लीन टॉलिव्हर या माउलीचे आख्यान आरंभतो.

वर्लीनबाई आमच्या अलाबामातल्या गावची शाळेची बस हाकतात. सव्वीस वर्षे हाकली. मोठ्या माणसाने काही विचारले की "होय साहेब" म्हणावे, हे आईने शिकवलेले. मग विचारणारा पाद्री असो, नाही तर टायर विकणारा.

शाळेच्या स्वयंपाकघरातला जुना फ्रीजर मुख्य स्वयंपाकीण डॉट हिने "घेऊन जा गं" म्हटले म्हणून बाईंनी घरी नेला. पुढे डॉट दूर लेकीकडे राहायला गेली, सामानाच्या यादीतला फ्रीजर शाळेत सापडेना, आणि चोरीचा आळ बाईंवर आला. जामिनाची ऐपत नव्हती. एकोणीस दिवस कोठडी. घरी नवरा क्लोव्हिस खुब्याचे हाड मोडून खाटेवर. कोर्टाने नेमून दिलेला वकील व्हरांड्यात चार मिनिटे भेटला. गुन्हा कबूल केलात तर दुपारी घरी, नाही तर खटला उभा राहीपर्यंत पाच महिने इथेच, म्हणाला. बाईंनी कबूल केले. घरी आल्यावर कळले की गुन्हा शाबीत झालेल्याला शाळेची बस चालवता येत नाही. जणू श्वासच काढून घेतला.

तेव्हा नेल रॅन्सम या वकीलबाईंनी अर्ज केला: ही कबुली स्वेच्छेची नव्हतीच. कोर्टात शब्दन् शब्द टिपलेला कागद त्यांनी मागवला. न्यायाधीशांचे अकरा प्रश्न, अकरा उत्तरे. हक्क समजले का? होय साहेब. स्वखुशीने कबूल करता? होय साहेब. नववा प्रश्न, कोणी धाक वा आमिष दाखवले का? होय साहेब. आणि न्यायाधीश शांतपणे दहाव्या प्रश्नाकडे वळले होते!

सुनावणीत सरकारी वकील हसले. "अहो, या बाईंना चंद्र चोरलात का विचारा, होयच म्हणतील."

"मग फ्रीजरचा होकार तरी कशाला धरून बसलात?" नेलबाईंनी विचारले.

कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीश तेच होते. त्यांनी कागद पुन्हा वाचला, चष्मा काढला. "वर्लीनबाई, नववा होकारही सवयीचाच होता का?"

"नाही साहेब," बाई म्हणाल्या. "तेवढाच खरा होता."

न्यायाधीशांनी कागद खाली ठेवला. "मी वाचत गेलो," ते म्हणाले, "ऐकलं नाही." कबुली रद्द झाली, तिच्यावर उभी असलेली शिक्षाही गेली. खटला नव्याने लागायचा होता. पण डॉट लेकीच्या गावाहून आली, फ्रीजर आपणच दिला म्हणून शपथेवर सांगून गेली, आणि सरकारने आरोप मागे घेतला. ऑगस्टात शाळा उघडली तेव्हा बाई चालकाच्या आसनावर होत्या.

देवा, या माउलीच्या हाताला बळ दे, क्लोव्हिसच्या पायाला चाल दे. त्यांच्या चुलीवरची मक्याची भाकर कधी उणी पडू नये, दाराशी आलेला उपाशी परत जाऊ नये, आणि त्या घरावर तुझी सावली अखंड राहो.