मी न केलेला इंटरकॉम

पहिलंच सांगून टाकतो — भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. हे वाचून कुणी मला लिंबू-मिरची सुचवू नये, कृपा होईल.

हडपसरच्या एका कंपनीत मी सिस्टम अ‍ॅडमिन होतो. विंडोज एक्सपीचे दिवस, साठेक मशिन्स, सगळ्या नको त्या फाइल्सच्या कचऱ्यानं तुंबलेल्या. माझ्या आधी जगताप सर हे काम बघायचे, त्यांनीच मला शिकवलं. सफाईआधी ते प्रत्येक टेबलाशी जाऊन विचारायचे, "काही ठेवायचंय का?" आणि डायरीत त्या मशीनपुढे 'विचारलं' असं लिहायचे. दोन दिवस जायचे त्यात. मला हसू यायचं.

सर हार्ट अटॅकनं गेले. त्यानंतर मी क्लीनअप टूल आणलं. सेटिंग्जची एकच फाईल करायची — टेम्प, कॅशे, रिसायकल बिन, सगळं साफ — आणि जागेवर बसून नेटवर्कवरून सगळीकडे सोडायची. विचारायचं कशाला? कचरा तो कचरा.

सोमवारी दुपारी साडेतीनला सोडली. पाच वाजता स्टोअर्सच्या गायकवाड मॅडम आल्या.

"थँक यू हं सर. आईची गाणी राहू दिलीत."

"कुठली गाणी?"

"अहो, रिसायकल बिनमधली. आई भीमगीतं म्हणायची, तिच्या कॅसेटवरून भरून घेतली होती. आई गेली, कॅसेटही तुटली. मशीनवर आम्ही तिघं बसतो, म्हणून तिथे ठेवते. कचऱ्यात कोण बघतंय?"

रिसायकल बिनवर टिक मीच केली होती. धावत त्यांच्या मशीनपाशी गेलो... सगळ्या फाइल्स जागच्या जागी. त्यांनी एक बाहेर काढून लावली. म्हातारीचा आवाज खणखणीत होता.

"पण ही ठेवायची, असं मला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"असं काय करता? तीन वाजता आयटीतून इंटरकॉम आला ना... 'काही ठेवायचंय का?' मी म्हटलं, रिसायकल बिन तेवढी राहू द्या."

आयटीत मी एकटा. तीन वाजता मी कँटीनमध्ये होतो, खोलीला कुलूप आणि किल्ली माझ्या खिशात.

टूलचा लॉग उघडला. सगळीकडे माझीच सेटिंग्ज. फक्त मॅडमच्या मशीनवर एक जास्तीची ओळ — रिसायकल बिन वगळा. ती ओळ टाकायला लागणारा अ‍ॅडमिनचा पासवर्ड सर गेल्यावर मी बदलला होता, माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हता. एकजण म्हणाला, झोपेत केलं असशील. ऑफिसात मी झोपत नाही, नावं ठेवायला दुसरं काहीतरी शोधा.

मित्र म्हणतात, सर आले होते. मी म्हणतो, बकवास. गेलेला माणूस इंटरकॉम करत नाही. मग कुणी केला? नाही सांगता येत, आजही.

त्या बाईच्या आईचा आवाज मी एका क्लिकवर पुसणार होतो आणि मला पत्ताही लागला नसता. याची मात्र लाज वाटते.

आता मी टेबलाटेबलाशी जातो. भीतीनं नाही हं, ते माझं कामच होतं म्हणून. सरांच्याच डायरीत 'विचारलं' लिहितो. त्या सोमवारच्या पानावर मात्र मॅडमच्या मशीनपुढची जागाही कोरीच ठेवलीये. तेव्हा मी विचारलं नव्हतं.