कोपऱ्यावरच्या डॉक्टरांची सही

आमच्या आळीत अजून सांगतात, की कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना माझ्या पुतण्याचा क्षय ओळखता आला नाही आणि त्यांनीच त्याला बोटीवर जाण्याचा दाखला दिला. हे धादांत खोटे आहे. त्या वेळी दवाखान्यात मी होतो. सांगणाऱ्यांपैकी एकही नव्हता.

ते गृहस्थ आमच्या घराचे कायमचे डॉक्टर. स्टेथोस्कोपची चकती आधी तळहातावर चोळून गरम करीत, मगच छातीला लावीत. रोग्याचे सांगून संपले, तरी "बरं, आणखी?" म्हणून थांबत.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. पुतण्याला जहाजावर नोकरी लागली होती. डॉक्टरांनी त्याची पाठ दोनदा ऐकली.

"एक्स-रे काढ. मला क्षय वाटतो. औषध पुरं कर, मग सही मीच करीन."

"डॉक्टर, बोट आठ दिवसांनी सुटते हो," पुतण्या म्हणाला.

मी चिडलो. "सही करायला तुमचं काय जातं? इथे बसून माश्याच मारताय ना?"

"बरं, आणखी?" असे म्हणून त्यांनी कोरा दाखला माझ्या हाती परत दिला.

वर्षाच्या आत पुतण्या रक्त ओकत परतला. त्याच्या अखेरपर्यंत डॉक्टर रोज आमच्याकडे येत. ओटीवर जमलेले शेजारी त्यांना ऐकू जाईल असे बोलत. त्यांनी एकदाही खुलासा केला नाही.

तो मी करतो. बाजारातल्या दुसऱ्या एका डॉक्टरने पुतण्याच्या छातीला हातही न लावता सही ठोकली. पुतण्याला त्याच्याकडे मी नेले होते, आणि ओटीवर ते बोलणे चालू असताना मी घरातच बसून होतो.